पाय ३४, फरशी ३५: बाथरूमच्या स्कर्टिंग लाइटचं कोडं

मंडळी, बाथरूमच्या वाटेवरचा आपोआप लागणारा दिवा मधूनच का लागत नाही, हे तीन आठवडे डोकं खाणारं कोडं अखेर सुटलं. सोडवलं ते आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, ओल्या पायांनी.

आधी स्वयंपाकघराचं सांगून टाकते, कारण तिथे आता हात लावायचा नाही. ओट्याखाली लावलेल्या, मीटरला १२० एलईडीच्या पट्टीचे ठिपके व्हिट्रिफाइड टाइलमध्ये मोजता येत होते, त्यावर गेल्या वेळी बरीच चर्चा झाली. डिफ्यूजर (उजेड पसरवणारं दुधी झाकण) बदलून फारसं काही होत नव्हतं, कारण आपलं प्रोफाइल, म्हणजे पट्टी बसवायची पन्हळ, जेमतेम ७ मिमी खोल आणि दोन एलईडींमधलं अंतर ८ मिमीच्या वर. कॉब पट्टी (एलईडी अगदी खेटून बसवलेली) आणली तर ठिपके गेले, पण फरशीत झगझगीत रेघ दिसायला लागली. शेवटी प्रोफाइलचं तोंडच फिरवलं. आता उजेड फरशीवर न पडता मागे स्कर्टिंगवर, म्हणजे कपाटाखालच्या उभ्या फळीवर, पडतो. चांदीसारखं चमकणारं पीव्हीसी स्कर्टिंग काढून मॅट पांढरट लॅमिनेट लावलं. चकचकीत फरशी म्हणजे आरसाच, त्यात काय दिसावं ते आपणच ठरवायचं. आता ओट्याखाली फक्त मऊ उजेड दिसतो, पट्टी कुठूनच दिसत नाही. रात्री जेवणं आटोपली की मोठे दिवे घालवून मी पाच मिनिटं तिथे नुसती बसते.

आता बाथरूम आणि पॅसेज. हे काम मुळात आईंसाठी काढलं. माझ्या सासूबाई रात्री दोन-तीनदा उठतात. ट्यूबलाइट लावली की डोळे दिपतात आणि मग तासभर झोप येत नाही. म्हणून पॅसेजच्या कपाटाखाली १.८ मीटर, बेसिनच्या कपाटाखाली १.२ मीटर, २४ व्होल्टची पट्टी, उजेड पिवळसर. पॅसेजच्या टोकाला, बाथरूमच्या दाराकडे तोंड करून, फरशीपासून चार इंचांवर पीआयआर सेन्सर (उष्णतेवरून हालचाल टिपणारा), आपला नेहमीचा एचसी-एसआर५०१. चोवीसवरून बारा व्होल्ट करायला छोटा बक मॉड्युल, पट्टी चालू-बंद करायला आयआरएलझेड४४एन ट्रान्झिस्टर. जानेवारीत जोडलं तेव्हा चार मीटरवरून पाऊल पडलं की दिवा लागायचा. आईंनी पहिल्याच रात्री सांगितलं होतं, "आता भिंत चाचपडावी लागत नाही."

मे लागला आणि सेन्सरने संप केला.

संप म्हणजे पूर्ण बंद नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. आई बाथरूमकडे निघाल्या की दिवा लागत नसे. आतून बाहेर आल्या की लगेच लागे. दिवसा मी हात हलवून पाहिला तर कधी लागे, कधी नाही. पहिला संशय एलडीआरवर (उजेड-अंधार ओळखणारा भाग), कारण तो मीच नंतर डकवला होता. काढून टाकला, फरक शून्य. दुसरा संशय बक मॉड्युलवर, गरम होऊन व्होल्टेज पडत असेल म्हणून. मीटर लावून रात्री एकला पाहिलं, बारा म्हणजे बाराच. मग सेन्सरवरची संवेदनशीलतेची खुंटी शेवटपर्यंत फिरवली. मग लेन्सवरची धूळ पुसली. मग सेन्सरच नवा लावला, आणि तोही अगदी तसाच वागला.

जुना सेन्सर घेऊन बर्डीवर, म्हणजे इथल्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, गेले. दुकानदाराने काउंटरवर जोडला, हात फिरवला, दिवा लागला. त्याच्या पोऱ्याने दारातून चालून दाखवलं, तरी लागला. "ताई, हा तर मस्त चालून राहिला ना!" खोटं बोलत नव्हता तो. त्याच्या दुकानात एसी होता, आणि तेच माझ्या लक्षात आलं नाही. तिथून मी जास्तीचे दोन सेन्सर विकत घेऊन आले.

मध्येच एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण याच धावपळीत बेसिनखालची पट्टी उघडली तेव्हा ती सापडली. आयपी६७ची (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) नळीवाली पट्टी कापून टोकाला मी बाजारातलं साधं सिलिकॉन भरलं होतं, व्हिनेगरसारखा वास येतो ते. चार महिन्यांत सोल्डरिंगच्या जागी तांबं हिरवं पडलंय. त्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसेटिक ॲसिड निघतं, आणि बंद टोपीत ते जाणार कुठे? न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं, सिलिकॉनच घ्या, थोडं महाग पडतं पण पडू द्या. "आयपी६५ म्हणजे वॉटरप्रूफच" असं सांगून बाथरूमसाठी पट्टी गळ्यात मारणारे दुकानदारही टाळा. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल एवढंच. आपल्याकडे बाथरूम बादलीने धुतात, पाणी कपाटाखाली साचतं, तिथे ६७च हवं. आणि ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा डबा, बाथरूमच्या बाहेर, यात तडजोड नको. फरशीला ॲसिड लावणार असाल तर ॲल्युमिनियमचं प्रोफाइल तिथे वापरूच नका. अजून एक, नळीतली पट्टी उघड्या पट्टीपेक्षा पांढरट दिसते. पॅसेजमध्ये ३००० केल्विन आहे, म्हणून बेसिनखाली २७०० घेतली (आकडा कमी तितका उजेड पिवळा). आता दोन्ही शेजारी सारख्या दिसतात.

तर सेन्सर. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला, दिवसा पारा ४५च्या वर. आमचं घर एकमजली, स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो. कूलर झोपायच्या खोलीत, पॅसेजमध्ये नुसती भट्टी. परवा रात्री दीडच्या सुमाराला आई उठल्या, मी जागीच होते. त्या गेल्या, अंधार. परत आल्या, दिवा लागला. फरशीवर त्यांची ओली पावलं उमटली होती. एकेक पाऊल कडेने सुकत आत आत चाललं होतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते मिनिटभरही टिकत नाही. जाताना पाय कोरडे, येताना ओले, एवढाच काय तो फरक!

उठले आणि स्वयंपाकघरातली तापमानाची गन आणली. पॅसेजची फरशी ३५. माझं कोरडं पाऊल ३४. नळाखाली पाय धुऊन पुन्हा मोजलं, तर २९.

पीआयआर माणूस ओळखत नाही, त्याला नुसता मागच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचा हलणारा तुकडा दिसतो. जानेवारीत थंड फरशीवर गरम पाय म्हणजे काळ्या पाटीवर खडू. मेमध्ये पाय आणि फरशी एकाच तापमानाची, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर खडू. ओला पाय फरशीपेक्षा सहा अंशांनी गार, म्हणून तो दिसतो. आणि सेन्सर चार इंचांवर असल्यामुळे त्याला दिसतात ते फक्त पाय आणि फरशी. दोन नव्या सेन्सरांचे पैसे गेले, पण रात्री दोन वाजता त्या गनवरचा ३४ आकडा बघताना झालेला आनंद मी विसरणार नाही.

कारण कळलं, आता उपाय. घरात आरसीडब्ल्यूएल-०५१६ सेन्सर पडला होता, तो लावला. तो उष्णता बघत नाही, मायक्रोवेव्ह सोडतो आणि हललेलं पकडतो. झालं असं की दिवा विझेचना. प्लायच्या दारापलीकडचा कूलरचा पंखा त्याला दिसत होता. कूलर बंद केला की सेन्सर शहाणा. पण नागपुरात मेमध्ये कूलर बंद ठेवून झोपा असं मी कुणालाही सांगणार नाही.

मग एलडी२४१० मागवला, २४ गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर. याचं मला खरंच कौतुक वाटतं. अंतराचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे पाडतो आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता फोनवरून वेगळी ठेवता येते. कूलर साडेतीन मीटरवर, म्हणून सव्वादोन मीटरच्या पुढचं सगळं आंधळं केलं. पहिली रात्र उत्तम गेली. दुसऱ्या रात्री दिवा पुन्हा लुकलुकायला लागला, कारण खोलीच्या दारावरचा पडदा कूलरच्या झोताने हलतो आणि तो दीड मीटरवर आहे. त्या टप्प्याची संवेदनशीलता कमी केली तर आईंची हळू चाल निसटते. त्या पाय उचलून टाकत नाहीत, घासत चालतात.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि पुढे मी पडद्याला खाली वजन शिवायचा बेत लिहिणार होते. तेवढ्यात चहा घेताना आईंना सगळी हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, "अगं, पण तो विझवतेस कशाला? आम्ही कंदील बारीक करून ठेवायचो रात्रभर."

बसून हिशेब केला. ३ मीटर पट्टी, मीटरला ९.६ वॅट, म्हणजे पूर्ण उजेडात २९ वॅट. ५ टक्क्यांवर ठेवली तर दीड वॅटही नाही. ड्रायव्हरचं स्वतःचं खाणं धरून दोन वॅट समजा. रात्रीचे ११ तास धरले तर महिन्याला पाऊण युनिटही होत नाही. आणि ५ टक्के ऐकायला नगण्य वाटतं, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो साधारण पाव उजेड वाटतो. पॅसेज ओलांडायला तेवढा पुरे.

म्हणजे बेत बदलला. आता संध्याकाळ झाली की एलडीआर पट्टी ५ टक्क्यांवर लावेल आणि उजाडलं की घालवेल. रडारला फक्त एकच काम, कुणी जवळ आलं तर उजेड ५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेणं, तेही दोन सेकंदांत हळूहळू. पडदा हलला म्हणून उजेड थोडा चढला-उतरला तर कुणाची झोप मोडणार नाही, आणि सेन्सर चुकला तरी आई अंधारात सापडणार नाहीत. इतके दिवस मी सगळा भार सेन्सरवर टाकला होता, तो आता निघाला.

मात्र साधा दोनशे रुपयांचा डिमर इथे चालत नाही. ५ टक्क्यांवर त्याची लुकलुक नजर फिरवताना जाणवते, आणि फोनच्या कॅमेऱ्यात तर पट्ट्याच दिसतात. म्हणून ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणं) २ किलोहर्ट्झला ठेवलाय. काल रात्री तात्पुरतं जोडून पाहिलं. अडीचला आई उठल्या, गेल्या, आल्या. दाराशी क्षणभर थांबल्या, पायाखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "असाच राहू दे."

बेसिनखालच्या पट्टीचं हिरवं टोक आज कापून टाकलं. नवं सिलिकॉन सुकायला उद्यापर्यंत वेळ देतेय, तोवर तो भाग बंद. कूलर चालू असलेल्या खोलीजवळ कुणी एलडी२४१० लावला असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या संवेदनशीलतेचे तुमचे आकडे कळवा. माझे सध्या ४५ आणि ६० आहेत, आणि पडदा अजून अधूनमधून सापडतो.