मुरूम लागेपर्यंत

इंदूरजवळ सिमरोलच्या बाजूला गावात घर बांधतोय म्हटल्यावर शहरातल्या रामबागेतल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असायचा, ठेकेदार कोण? ठेकेदार नव्हता. एक मिस्त्री, त्याची दोन माणसे आणि आजूबाजूची चार घरे, एवढ्यावर आमचे घर उभे राहिले. शेजाऱ्यांनी मदत केली असे मी सांगते तेव्हा लोकांना वाटते, विटा उचलू लागले असतील. त्याही उचलल्या. पण त्यांनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीखाली गेली आहे.

माळव्याची काळी माती गव्हा-सोयाबीनला मानवते, घराला नाही. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया ठेवला तर तो दरवर्षी हलतो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भिंती तिरप्या तडकतात. म्हणून मुरूम, म्हणजे मातीखालचा घट्ट खडीसारखा थर, लागेपर्यंत खणायचे. हे पुस्तकातही आहे, पण आपल्या जागेत मुरूम किती खोल, ते पुस्तक सांगत नाही. शेजारच्या बासाबांनी, म्हणजे तिथल्या वडीलधाऱ्या आजोबांनी, मला त्यांच्या विहिरीच्या काठावर नेले आणि आतली बाजू दाखवली. वर काळी माती, मग पिवळट, मग मुरूम, खाली काळा पत्थर. आमची जागा नाल्याकडे उतरती, त्यामुळे त्या कोपऱ्यात माती जास्त जाड असणार, हे त्यांनी खणण्याआधीच सांगितले. ‘मुरम नी आवे जद तक मत रुकजो,’ मुरूम येईपर्यंत थांबू नका, एवढेच बोलून ते म्हशी सोडायला गेले. नाल्याकडचे खड्डे खरोखरच इतरांपेक्षा बरेच खोल गेले.

खणून निघालेली माती पुन्हा पायाच्या खड्ड्यांत भरायची नाही, हाही त्यांचाच हट्ट. ती माती दोन घरांनी ट्रॉलीत भरून आपापल्या हलक्या वावरात पसरली. बदल्यात, विहीर खोल केली तेव्हाचा बांधावर पडलेला मुरूम आमच्या जोत्यात आला. थर टाकायचा, पाणी मारायचे, धुमसाने ठोकायचे, मग पुढचा थर. जोत्याला लागून मला कडुनिंब लावायचा होता, तो बासाबांनी लांब कुंपणाशी लावायला लावला. झाडाची मुळे पायाखालची ओल ओढतात आणि माती एका बाजूने आकसते.

पाण्याचे मात्र मला अजून नवल वाटते. भर उन्हाळ्यात माळव्यातल्या ट्यूबवेलचे पाणी खाली जाते. त्या दिवसांत मागच्या घरातल्या भाभी पंप चालवणारी थ्री फेज लाइट आली की आधी आमचा पाईप सोडायच्या, मग स्वतःच्या भाजीपाल्याला पाणी द्यायच्या. लाइट रात्री आली तर रात्री. आमच्या भिंतींची तराई, म्हणजे बांधकामावर रोज पाणी मारणे, कधी चुकली नाही ती त्यांच्यामुळे. मी पैशांचा विषय काढला तेव्हा त्या पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या.

स्लॅबचा दिवस तर साऱ्या गल्लीचा. स्लॅब एका दमात भरावा लागतो, मध्ये खंड पडला की जुन्या-नव्या काँक्रीटच्या सांध्यातून पुढे पाणी झिरपते. म्हणून हात भरपूर लागतात. मिक्सरपासून छतापर्यंत तगाऱ्यांची रांग लागली होती, त्यात कॉलेजातली मुले होती, जीजी म्हणजे वयस्क बायका होत्या, कोणाचे तरी जावईही होते. मी पाण्याच्या मापापाशी उभी राहिले आणि हलले नाही. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 30 लिटरच्या वर पाणी मी घालू दिले नाही. पातळ माल पसरायला सोपा म्हणून सगळ्यांना हवा असतो, पण जास्तीचे पाणी उडून गेले की आत पोकळी राहते आणि स्लॅब कच्चा होतो. यावरून मिस्त्रीशी माझी वादावादी झाली. बासाबांनी माझी बाजू घेतली, तेव्हा कुठे तो गप्प झाला. तोवर मागच्या अंगणात कंड्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर, बाफले (कणकेचे गोळे) भाजत होते. संध्याकाळी सगळे दाल-बाफले आणि चूरम्याचे लाडू खायला बसले, पहिली पंगत मजुरांची.

झाबुआकडच्या भिल्लांमध्ये हलमा असतो. एकाचे काम अडले की सगळे जमतात आणि मजुरी कोणी घेत नाही. आमच्या गल्लीतही मजुरी कोणी मागितली नाही, पण हिशेब पक्का असतो: माझ्याकडे आलेल्या प्रत्येक घरी मी जायचे. माझे हात शेतात फार उपयोगाचे नाहीत. पण नोकरी बँकेत झाली, म्हणून किसान क्रेडिट कार्डाचे कागद, मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, पीकविम्याची पावती असे सगळे आमच्या ओट्यावर येते. लसूण निघाला की मी विळी घेऊन भाभींच्या अंगणात देठ कापायला बसते, तेवढे मला जमते.

सोयाबीन निघाल्यावर बासाबांच्या म्हशींच्या गोठ्यावर नवे पत्रे घालायचे आहेत. आमच्या स्लॅबच्या सेंट्रिंगला टेकू दिलेल्या, उरलेल्या लाकडी बल्ल्या त्यासाठी मागे रचून ठेवल्या आहेत. बाफले या वेळी माझ्याकडे.