ॲव्हरेज किती देते?

आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता पाहुणे एकच प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" किती पळते, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पळून पळून जाणार कुठे, पुढच्या सिग्नलपर्यंत! माझ्या जुन्या स्कूटरचा काटा तर कित्येक वर्षांपूर्वी ४० वर जाऊन बसला, तो उठलेलाच नाही. रात्री जिन्याखाली लावून ठेवली तरी ती ताशी ४० किलोमीटरने उभी असते.

हा प्रश्न आपल्या काटकसरी स्वभावातून आलाय, असं मी समजत होतो. पण वेगापायी उभं आयुष्य घालवणाऱ्यांच्या दुनियेतही शेवटी ॲव्हरेजच विचारतात, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. जुनं सरोवर आटून मागे राहिलेलं, पांढरंशुभ्र आणि परातीसारखं सपाट. तिथे वेगाचे विक्रम होतात. नुसतं एकदा सुसाट जाऊन भागत नाही. त्याच मोजलेल्या मैलावरून उलट दिशेने परत यावं लागतं आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरतात. म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फुकटचा फायदा नको. नाहीतर घाट उतरताना आमची स्कूटरसुद्धा विक्रमवीर ठरली असती.

या मैदानावर १९४८ मध्ये रॉली फ्री नावाच्या ४७ वर्षांच्या गड्याने व्हिन्सेंट मोटारसायकलवर ताशी १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटरच्या वर वेग गाठला. आधीच्या फेरीत त्याचे चामड्याचे कपडे वाऱ्याने फाटले होते. मग त्याने ते काढूनच टाकले आणि पोहायच्या चड्डीवर, पाय मागे ताणून, गाडीवर पालथा पडून गेला. खाली मीठ, अंगावर जवळजवळ काही नाही. त्याचा फोटो बघताना मला आधी त्या मिठावर सोललं जाणारं कातडंच दिसतं.

पण माझा जीव जडलाय तो बर्ट मन्रो यांच्यावर. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडचं इन्व्हरकार्गिल हे त्यांचं गाव. जन्म १८९९ चा. १९२० मध्ये त्यांनी 'इंडियन स्काउट' ही मोटारसायकल घेतली. (नावाने हुरळून जाऊ नये, कंपनी अमेरिकेची, आपला तिच्याशी काही संबंध नाही.) इंजिन ६०० सीसीचं, वेग फार तर ताशी ५५ मैल. दुसरा कोणी असता तर पाच-सात वर्षांनी विकून नवी घेतली असती. मन्रोंनी तीच गाडी उघडली, आणि पुढे जवळजवळ जन्मभर ती उघडतच राहिले. दिवसा मोटारसायकली विकायच्या, रात्री शेडमध्ये खटपट. पिस्टन जुन्या डब्यांमध्ये ओतून घरीच घडवायचे. सिलिंडर, कॅम, फ्लायव्हील, सगळं हातचं. ६०० सीसीचं इंजिन वाढत वाढत ९५० च्या आसपास गेलं. आणि माप घ्यायला काय, तर सायकलच्या चाकात असते तशी एक जुनी तार. तोच त्यांचा मायक्रोमीटर!

ही हकिकत मी आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांना सांगितली. वेगाचे आकडे ऐकून त्यांनी मान वर केली नाही. प्लग घासत राहिले. तारेचं ऐकल्यावर मात्र पॉलिश पेपर खाली ठेवला. "बरोबर आहे, सर. मी पॉइंटचा गॅप दाढीच्या ब्लेडने बघतो की नाही?"

मन्रोंच्या शेडमध्ये एक फळी होती. फुटलेले पिस्टन, मोडलेले भाग तिच्यावर मांडलेले, आणि वर रंगवलेलं : वेगाच्या देवाला नैवेद्य. आपण खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतो तो चालत्या गाडीला. मोडकं सामान आपण भंगारवाल्याला किलोवर देतो. त्या देवाला मात्र फुटकंच चढायचं.

बॉनव्हिलला त्यांनी तीन विक्रम केले, १९६२, १९६६ आणि १९६७ मध्ये. शेवटचा केला तेव्हा वय ६८, गाडीचं वय ४७. त्याच साली एका फेरीत गाडी निम्म्यावर हेलकावे खायला लागली. वेग कमी करायला म्हणून हे उठून बसले, तर वाऱ्याने गॉगलच उडवला. डोळ्यांपुढे काही दिसेना, खुणेचा लोखंडी खांब जेमतेम चुकला, शेवटी गाडी आडवी घातली. थोडंफार खरचटलं, बस. माझी पाठ मोरीत वाकलो तरी धरते.

एका संध्याकाळी मी कागदावर त्रैराशिक मांडलं. ताशी ५५ मैलांनी एक मैल जायला साधारण ६५ सेकंद लागतात. १९६७ च्या विक्रमाच्या वेगाने साडेएकोणीस. वाचले ४६ सेकंद. आणि त्यासाठी गेली ४७ वर्षं. वर्षाला एक सेकंद, तोही पुरता नाही! मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. मग जिन्याखाली जाऊन उगीचच स्कूटर पुसली.

तर ॲव्हरेज. १९६७ च्या विक्रमाची नोंद झाली ती ताशी १८३.५८६ मैलांची. मन्रो १९७८ मध्ये गेले. पुढे त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं की सरासरी काढतानाच चूक झालीय. २०१४ मध्ये विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन मोटारसायकल संस्थेने ती दुरुस्त करून आकडा १८४.०८७ केला. फरक अर्ध्या मैलाचा, म्हणजे त्या मैलभर अंतरात सेकंदाचा विसावा भाग. वर्षाला एक सेकंद या मन्रोआजोबांच्या दराने हिशेब केला, तर जवळजवळ तीन आठवड्यांच्या जागरणाची मजुरी कुणीतरी लिहायची विसरला होता. मुलाने ती वसूल केली.