ग्लास खराच लागतो

पंचमच्या गाण्यांचा कार्यक्रम संपला की कुणी ना कुणी विंगेत येतं आणि विचारतं, "अगदी ओरिजिनल वाजतं हो तुमचं! कसं जमवता? आणि इतके ग्रुप असताना लोक परत परत तुमच्याकडे का येतात?" मी गेली पंधरा वर्षं पुण्यात पंचम म्हणजे संगीतकार राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांना साइड ऱ्हिदम, म्हणजे मुख्य तालाच्या जोडीची छोटी तालवाद्यं, वाजवतो. तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या कोपऱ्यातून दिसतं ते सांगतो.

पुष्कळांना वाटतं, सगळं गायकावर असतं. आमच्याकडे येणारी नवी मुलंही किशोरकुमारांचा आवाज काढून दाखवतात. पहिल्या गाण्याला टाळ्या पडतात, तिसऱ्याला कान कंटाळतो. आम्हाला स्वतःच्या आवाजात गाणारा हवा असतो. फक्त मूळ गाण्यात श्वास जिथे घेतलाय, शब्द जिथे सोडलाय, ती जागा त्याने हलवायची नाही. गायकाच्या सोयीसाठी पट्टीही उतरवायची नाही, गाण्याचा रंग उडतो.

खरी परीक्षा मागे बसलेल्यांची असते. समोरच्यांनी ही गाणी रेडिओवर, कॅसेटवर इतकी ऐकलेली असतात की वाद्याचं नाव सांगता आलं नाही तरी एक ठोका गळला की ते चुळबुळतात. पंचमदांनी माणसं आणि वाद्यंही तशीच जमवली होती. मादल हे नेपाळी तालवाद्य घ्या. ते वाजवणारे दार्जिलिंगचे रणजीत गजमेर, सगळ्यांचे कांचाभाई, १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'पासून त्यांच्याकडे होते. त्या जागी ढोलकी वाजवून भागत नाही. रेसो-रेसो हे खाचा पाडलेलं तालवाद्य म्हटलं की आपले अमृतराव काटकर. खाचांवरून काडी ओढायची, एवढंच ते काम दिसतं. पण ओढ किती लांब आणि हात कुठे थांबवायचा, यावर अख्खं गाणं झुलतं. त्यांचं वाजवणं ऐकत मी दोन वर्षं घरी नुसती काडी ओढत होतो.

आणि तो ग्लास. १९७३च्या 'यादों की बारात'मधलं 'चुरा लिया है' ग्लासवर वाजणाऱ्या चमच्यानेच उघडतं. सुरुवातीला आम्ही तो आवाज ऑक्टापॅडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर काढायचो. एका कार्यक्रमानंतर एक आजोबा आत आले आणि रागावून नाही, कळवळून म्हणाले, "अहो, ग्लास कुठे गेला?" त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी चमचा खिशात घालून मी दुकानं पालथी घातली. जाड ग्लास ठक्क वाजतो. पातळ काचेचा वाजतो, पण मुठीत धरला की गप्प होतो. शेवटी एक सापडला. तो घडी घातलेल्या रुमालावर ठेवायचा, चमचा काठाच्या जरा खाली लावायचा आणि माइक वीतभर लांब. जवळ आणला की नुसती खणखण येते. त्यानंतरच्या कार्यक्रमात गिटार सुरू व्हायच्या आत, त्या पहिल्या टणत्कारालाच सभागृहातून 'आहा' आलं.

ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, लावून गायलं तर खर्च पुष्कळ वाचतो, मला मान्य आहे. आम्ही चौदाजण वाजवतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. पण तेच चौदाजण वर्षानुवर्षं आहेत, एकमेकांचा श्वास ओळखतात, म्हणून गायक कडव्यावर अर्धी मात्रा रेंगाळला तर सगळे त्याच्यासाठी थांबतात. ट्रॅक थांबत नाही. माझ्या मते लोक परत येतात ते यासाठी. गाणीही आम्ही बावीसच घेतो. चाळीस घेतली की तालीम पातळ होते.

४ जानेवारीला पंचमदांचा स्मृतिदिन, त्यामुळे सध्या रोज तालीम आहे. ग्लासला मागच्या आठवड्यात केसाएवढी चीर गेली. सतरा नवे वाजवून पाहिले, तो सूर अजून मिळालेला नाही. उद्या पुन्हा चमचा घेऊन निघणार आहे.