मुठा वाहते कुणीकडे?

परवा सांगलीहून भाचा आला होता, त्याला घेऊन भिडे पुलावरून डेक्कनला चाललो होतो तर मधेच थांबून म्हणतो, "मामा, ही वाहते कुणीकडं?" मी लगेच शनिवारवाड्याच्या दिशेला हात केला, पण खरं सांगतो पाण्याकडे बघून नाही सांगितलं, पाठ आहे म्हणून सांगितलं. खाली बघितलं तर एक थर्माकोलची प्लेट आणि निर्माल्याची पिशवी, दोघी जागच्या जागी. चार-पाच शेकाट्या, म्हणजे ते पाणपक्षी, लाल लांब पायांवर चिखलात उभ्या, त्यांचं मात्र मजेत चाललेलं.

मग त्याला सांगत बसलो. वर टेमघर, वरसगाव, पानशेत ही धरणं, आणि या तिघांचं पाणी येतं खडकवासल्याच्या धरणात. तिथून शहराचं पाणी बंद पाइपने आणि कालव्याने पर्वतीला जातं, उरलेला कालवा हडपसरवरून थेट इंदापूरकडे शेतीला. म्हणजे नदीचं पाणी धरणापाशीच नदीतून काढून घेतलं, राहिलं ते नुसतं पात्र. पावसाळा सोडला तर त्या पात्रात जे दिसतं ते बरंचसं आपल्याच नळातून येऊन, मोरीतून जाऊन, काही शुद्ध होऊन काही तसंच, आंबिल ओढा-बिढा करत परत आलेलं. आपण पुणेकर मुठा आधी पितो आणि मग बघतो, उलटा प्रकार आहे सगळा!

पुढे संगमावर मुळा भेटते. ती मुळशीकडून येते, वाटेत दापोडीजवळ पवनेला घेते. पण संगमानंतरही जोर नाही, कारण पुढे बंडगार्डनचा बंधारा. वर धरण, खाली बंधारा, मधे नदी करणार काय, पडून राहते. उन्हाळ्यात जलपर्णी माजली की तर हिरवं मैदानच वाटतं, एकदा एक कुत्रं धावत त्यावर गेलं आणि पोटापर्यंत आत, बिचाऱ्याचा चेहरा अजून आठवतो.

अर्थात हिला कायम गरीब समजू नये. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आमच्याकडे अजून "पुराच्या आधी" आणि "पुराच्या नंतर" अशी वर्षं मोजणारे म्हातारे आहेत. आजही खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की व्हॉट्सॲपवर क्युसेकचे आकडे फिरतात, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि अर्धं पुणं लकडी पुलावर बघायला.

भाचा म्हणाला, पुढं कुठं जाते? म्हटलं थेऊरच्या चिंतामणीवरून पुढे भीमेला मिळते, मग उजनी, मग पंढरपूर, तिथे चंद्रभागा म्हणून लोक तेच पाणी डोक्यावर घेतात (यावर मी जास्त विचार करत नाही), आणि शेवटी रायचूरच्या बाजूला तुझ्या कृष्णेला. त्याने लगेच मोबाईलवर मॅप काढला, दोन बोटांनी मोठा केला, सांगली कुठे रायचूर कुठे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या खाली मिळती. मग बरं हाय."