नांगर शेतातला आणि समुद्रातला

कोकणातल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही, पण देशावरचा कोणी पहिल्यांदा बोटीत बसला आणि तांडेल ओरडला की "नांगर टाक रे", तर तो हमखास गोंधळतो, कारण त्याच्या डोक्यात बैल आणि फाळ. पाण्यात काय पेरणार हे लोक?

शेतातल्या नांगराचं कूळ सरळ आहे. संस्कृत लाङ्गल, थेट ऋग्वेदात सापडतो, आणि बलरामाला लाङ्गली म्हणतात ते त्यावरूनच. पहिल्या ल चा न आणि शेवटच्या ल चा र झाला एवढंच, आणि ही ल-न ची अदलाबदल मराठीला नवीन नाही, उलट दिशेने निंबाचा लिंब झाला, नवनीताचं तर लोणी झालं!

बोटीचा नांगर मात्र दुसऱ्या घरचा वाटतो. फारसीत त्याला लंगर म्हणतात, हिंदीत आजही "लंगर डालना" म्हणतात. मला विचाराल तर आपल्या खलाशांच्या तोंडी लंगरचा नांगर झाला कारण तो शब्द घरात आधीच तयार होता, आणि काम पण तेच ना, जमिनीत रुतायचं. इंग्रजी अँकरचं वेगळंच, तो ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला, मूळ धातूचा अर्थ वाकणं, म्हणजे आपल्या माहुताचा अंकुश त्याचा लांबचा भाऊबंद निघतो.

बरं, नांगर नुसत्या वजनाने बोट धरतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. ओढ आडवी बसली की त्याचा आकडा चिखलात, रेतीत घुसत जातो आणि ओढ वरून बसली की सुटतो. म्हणून दोर कंजूषपणे सोडून चालत नाही, खोलीच्या पाच-सात पट तरी सोडावा लागतो, आणि निघताना बोट बरोब्बर नांगराच्या डोक्यावर आणून मग तो उपटायचा. तळ खडकाळ असेल तर मात्र एकतर धरतच नाही नाहीतर कपारीत असा अडकतो की दोर कापायची वेळ येते.

आणि गंमत बघा, 1933 मध्ये जी. आय. टेलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने, ज्याला स्वतःला शिडाच्या बोटीचा भारी नाद होता, एक हलका अँकर बनवला तो चक्क शेतातल्या नांगराच्या फाळासारखा. नाव ठेवलं सीक्यूआर, भरभर म्हणून बघा, सिक्युअर ऐकू येतं. इंग्रजीत त्या प्रकाराला प्लाऊ अँकर म्हणतात, आता याचं मराठी काय करायचं, नांगरी नांगर?