पाटीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था'?

नाशिकरोडला असो की सिडकोत, मुदत ठेवीचे दर विचारत फिरलात तर पतसंस्थेचा दर बहुधा बँकेपेक्षा थोडा चढाच निघतो. बँकेला ठेवींचा काही भाग रोख राखीव म्हणून आणि काही सरकारी रोख्यांत अडकवावा लागतो, शिवाय ठेव विम्याचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची ही बंधने नाहीत. त्यामुळे ती वरचढ दर देऊ शकते, पण ठेवीला विमाही नाही.

सहकारी बँकेच्या मानेवर दोन जोखडे असतात. नोंदणी सहकार खात्याची, तर बँकिंगवर 1 मार्च 1966 पासून रिझर्व्ह बँकेची देखरेख. बँकिंग कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने संचालक मंडळावरचा रिझर्व्ह बँकेचा हातही लांब झाला. पतसंस्था मात्र जिल्हा उपनिबंधकांच्या अखत्यारीत (बहुराज्य असेल तर थेट दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांच्या). तिला नावात 'बँक' लावता येत नाही, चेकने काढता येईल अशी ठेव घेता येत नाही. ठेवीही सभासदांच्याच, म्हणून काउंटरवर आधी नाममात्र सभासदाचा अर्ज पुढे करतात. या सभासदाला मताचा अधिकार नसतो, हे सही करण्याआधी लक्षात घ्या.

बँकेतला विमा 5 लाखांचा, तोही मुद्दल आणि व्याज मिळून. ठेव 4,80,000 आणि साचलेले व्याज 40,000 असेल तर वरचे 20,000 उघडे पडतात. पंचवटी शाखेत थोडे, सातपूर शाखेत थोडे ठेवून उपयोग नाही, एकाच बँकेच्या सगळ्या शाखांची बेरीज होते. संयुक्त खात्यात मात्र नावांचा क्रम बदलला की विम्यासाठी ते वेगळे धरतात. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध येऊन पैसे अडकले तर ठेव विमा कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळायला हवी: 45 दिवस बँकेला याद्या द्यायला, 30 दिवस तपासणीला, 15 दिवस वाटपाला.

कर्जाकडे वळलो की नागरी सहकारी बँकेचे हात आणखी बांधलेले दिसतात. मार्च 2020 पासून एका कर्जदाराला टियर-1 भांडवलाच्या (म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी असे बँकेचे स्वतःचे मूळ भांडवल) 15 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. भांडवल 10 कोटी असेल तर मर्यादा दीड कोटी. पिंपळगावच्या व्यापाऱ्याला शीतगृहासाठी 2 कोटी हवे असतील, तर त्याची तीस वर्षांची उलाढाल याच बँकेत असली तरी त्याला मोठ्या बँकेचे दार गाठावे लागते. चांगली गिऱ्हाइके अशीच हातची जातात, दरामुळे नव्हे.

वसुलीतही फरक आहे. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निबंधकांकडून मिळवते. सहकारी बँक सरफेसी (थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेऊ देणारा कायदा) याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन तारण ताब्यात घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये पक्के केले. शेतजमीन मात्र सरफेसीतून वगळलेली आहे. निफाडच्या बागायतदाराचा सातबारा समोर असताना बँक नाशिकमधला फ्लॅट तारण मागते, त्यामागे हेही एक कारण असते.