केंद्राचं नॉन क्रिमीलेयर आणि पत्रकारितेचा प्रवेश : माझा अनुभव

भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा करायचा तर अभ्यास काय करायचा, असं बरेच जण विचारतात. अभ्यासाचं नंतर बघू. ओबीसीतून अर्ज भरणार असाल तर आधी केंद्र सरकारच्या नमुन्यातलं नॉन क्रिमीलेयर, म्हणजे ओबीसीतल्या सधन गटात (क्रिमीलेयरमध्ये) आपण येत नाही याचा दाखला, काढायला टाका. त्या एका कागदानं माझं जेवढं डोकं फिरवलं, तेवढं प्रवेश परीक्षेनं आणि पुढच्या वर्षभरातल्या डेडलाइननी मिळूनही नाही फिरवलं.

ही संस्था केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची. १७ ऑगस्ट १९६५ ला दिल्लीत सुरू झाली, अमरावतीचं केंद्र २०११ चं. अमरावती म्हटलं की सगळं आपलंच वाटतं, पण प्रवेशाचे नियम केंद्र सरकारचे. राज्यात ओबीसींना १९ टक्के आरक्षण, इथे २७, आणि तेही केंद्राच्या यादीप्रमाणे. ज्यांच्या दाखल्यावर एनटी (भटक्या जमाती) लिहिलंय त्यांनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघावं. अशा बऱ्याच जाती तिथे ओबीसीत मोडतात.

माझ्या वेळी, २०२३ मध्ये, मराठीसारख्या भाषांच्या अभ्यासक्रमांना संस्थेची स्वतंत्र परीक्षा होती आणि बाकीच्यांना सीयूईटी पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची देशभरातली सामाईक परीक्षा. परीक्षा दिली, नाव लागलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता तो कागद. निकालाची वाट न बघता मी उन्हाळ्यातच सेतू केंद्रात, जिथे सरकारी दाखल्यांचे अर्ज भरतात तिथे, गेले होते. खिडकीवरच्या दादांना दोनदा सांगितलं, "केंद्राचं पाहिजे, दिल्लीच्या नमुन्यात." त्यांनी मान डोलावली, पैसे घेतले, पावती दिली. हातात आलं ते राज्याचं. मराठीत, खाली "३१ मार्च २०२६ पर्यंत वैध". ते घेऊन तहसीलला गेले, तर टेबलावरच्या बाबूंनी कागद उलटासुलटा केला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"आहे की ताई नॉन क्रिमीलेयर. तीन वर्षं चालते हे."

"साहेब, केंद्राला या आर्थिक वर्षातलं लागतं. एक एप्रिलनंतर काढलेलं. आणि नमुना वेगळा असतो."

"दोन्ही एकच असते."

एकच नसतं. केंद्राच्या नमुन्यात तुमची जात केंद्राच्या कोणत्या राजपत्रातल्या ठरावानुसार मागास धरली आहे, त्याचा क्रमांक आणि तारीख लिहावी लागते. पुढे ८ सप्टेंबर १९९३ च्या कार्यालयीन ज्ञापनाचा उल्लेख करून ही व्यक्ती क्रिमीलेयरमध्ये येत नाही असं अधिकारी लिहून देतो. राज्याच्या दाखल्यात यातलं काहीच नसतं. तपासणीच्या टेबलावर नेमक्या याच ओळी शोधतात. त्या दिसल्या नाहीत की ओबीसीची जागा गेली आणि तुम्ही खुल्या यादीत.

मग सुरू झालं ते "उद्या या". उद्या गेलं की साहेब मिटिंगला. मिटिंग नसेल तर सर्व्हर डाऊन. सर्व्हर चालू असेल तर अर्ज दुसऱ्याच डेस्कवर पेंडिंग, आणि त्या डेस्कचे भाऊ रजेवर. मध्येच कुणीतरी नवीन फाटा फोडला की वडिलांचा सातबारा जोडा, शेतीचं उत्पन्न धरावं लागेल. क्रिमीलेयरसाठीची वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हा केंद्राचाच नियम. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई आणि शेती दीड एकर, म्हणजे कुठूनही मोजलं तरी आम्ही क्रिमीलेयरच्या आसपास नाही. पण नियम सांगितला की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू मी त्याच्या घरात शिरून भांडी मोजायला लागले.

खरा राग मला तिथल्या थंडपणाचा आला. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी वाईट बोललं नाही. फक्त, चुकीचा कागद देऊन आपलं काम झालं याची त्या सगळ्यांना पक्की खात्री होती. बाहेर झाडाखाली माझ्यासारखीच पाच-सहा पोरं असायची. कुणाला रेल्वेच्या भरतीसाठी पाहिजे, कुणाला बँकेसाठी. त्या सगळ्यांनाही राज्याचंच दिलेलं.

शेवटी तोंडी बोलणं बंद केलं आणि लिहिलं. आपल्याकडे अर्ज म्हटला की "उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की" इथून सुरुवात, आणि मुद्दा मागच्या पानावर. मी बातमीच्या इंट्रोसारखा, म्हणजे पहिल्याच परिच्छेदात सगळा मुद्दा, असा लिहिला. कोणता दाखला पाहिजे, कोणत्या नमुन्यात, कोणत्या तारखेच्या आत, हे पहिल्या दोन ओळींत. त्याखाली, मला मिळालेला दाखला चुकीचा का, ते तीन वाक्यांत. माहितीपत्रकातला कोरा नमुना जोडला आणि त्यातल्या त्या दोन ओळींवर पिवळा हायलायटर मारला. शेवटी लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा उल्लेख आणि मुदतीत सेवा न मिळाल्यास प्रथम अपील करीन, एवढं एकच वाक्य. आवक-जावकला दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय हलले नाही. शिक्का मारायला त्यांनी बराच वेळ लावला, मी तिथेच उभी.

तो कागद नायब तहसीलदार मॅडमपर्यंत गेला. त्यांनी बोलावलं, पिवळ्या ओळी वाचल्या, बाबूंना आत हाक मारली आणि म्हणाल्या, "अहो, हा केंद्राचा वेगळा असतो, पोर्टलवर तो पर्याय आहे." चहा येईपर्यंत अर्ज पुढे सरकला होता. एवढंच होतं ते! दाखला मिळाला तोवर प्रवेशाच्या कागदपत्रांची मुदत तोंडावर आली होती. तो अर्ज मी अजून जपून ठेवलाय. वर्षभर शिकताना बातम्या पुष्कळ लिहिल्या, पण इतक्या लवकर परिणाम झालेला मजकूर तोच.

सेतूत पैसे भरण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि केंद्राचा पर्याय निवडलाय का ते डोळ्यांनी बघा. हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ओबीसीच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुतेक आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात निघतो, आणि ती शाळा गावाकडे असेल तर सुट्टीच्या आधी गाठा. दहावीच्या मार्कशीटवर आणि पदवीवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

अभ्यासाचं विचारलं होतं ना? रोज दोन मराठी पेपर वाचा, त्यातले अग्रलेख एकदा तरी स्वतःच्या शब्दांत लिहून काढा, आणि चालू घडामोडींसाठी पत्र सूचना कार्यालयाची (पीआयबी) प्रसिद्धीपत्रकं चाळा. २०२४ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे परीक्षा, फी, तारखा या बाबतीत माझ्यासारख्या जुन्या विद्यार्थ्याचं ऐकू नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडा. आणि हो, आपल्या विद्यापीठातून मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचा दाखला) काढायचं राहून जातं. निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.